गुलमंडीत पन्नास हाली रुपये

पाय खाली सोडा. घाबरू नका, खड्डा फार खोल नाही. हा हिमरूचा माग आहे आणि आजचा दिवस तो तुमचा आहे. साल १९४२, शहर औरंगाबाद, राज्य निजामाचं. ऑक्टोबरची होरपळ आणि रमजानचे शेवटचे रोजे. सदरा पाठीला चिकटलाय, नाकात खळीचा आंबूस वास भरलाय. डोक्यावर जाल्यावर बसलेला पोरगा दोऱ्या ओढतो, तुम्ही धोटा फेकता. खट्, खट्. ताणा सुताचा, बाणा रेशमाचा. सहरीनंतर पाण्याचा थेंबही घशाखाली गेलेला नाही. आणि रेशीम संपत आलंय.

लढाईमुळे भाव कडाडलेत. दिवाळीनंतरच्या लग्नसराईचा कपडा पुरा करायचा तर पन्नास रुपये हवेत. हाली रुपये, चारमिनार छापलेले. इंग्रजांचे सहा कलदार द्यावेत तेव्हा हे सात मिळतात. उठा, गुलमंडीला चला.

बाहेर येताच ऊन डोळ्यांत घुसतं. टांगेवाला "बाजू, बाजू" ओरडत अंगावरून जातो. घोड्याचा घाम, अत्तर, भिजलेली धूळ, सगळे वास एकातून एक. सुपारी मारुतीची घंटा वाजते. कापड दुकानांपुढे ईदची खरेदी करणाऱ्या बायकांची दाटी. कुठल्याशा भट्टीवर संध्याकाळच्या नान-खलियाची तयारी चाललीय, आणि तो मसाल्याचा वाफारा उपाशी पोटाला पीळ पाडतो. सोसा. मगरीबला अजून वेळ आहे.

पहिली पायरी मारवाडी पेढीची. गादी, लोड, लाल कापडी चोपडी. शेठजी अदबीनं बसवून घेतात. दर महिना शेकडा दोन, गहाण बायकोचे चांदीचे तोडे. म्हणजे वर्षाला बारा रुपये. शेठजी मुळीच वाईट माणूस नाहीत. हिंदू धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम त्यांना ठाऊक आहे: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. व्याजाला कुंपण लागतं हे जुन्या जाणत्यांनीही ओळखलं होतं. पण तुमच्या डोळ्यांपुढे ते तोडे येतात. तुम्ही उठता.

कोपऱ्यावर रोहिला उभा आहे. उंच काठी, मेंदी लावलेली दाढी. गहाण नको, लिखापढी नको, पैसे आत्ता हातावर. रुपयाला महिना एक आणा. हिशोब करा. पन्नास आणे, म्हणजे महिन्याला तीन रुपये दोन आणे. वर्षाला साडेसदतीस, आणि मुद्दल तसंच शिल्लक. हप्ता चुकला तर हीच काठी दारात ठोकली जाईल, आख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशी. रोजा त्यालाही आहे, नमाजाच्या रांगेत तो तुमच्या शेजारी उभा राहतो. म्हणूनच मानेवरचा घाम एकदम गार पडतो.

व्यापार हलाल, सूद हराम, हे तुम्ही मक्तबात शिकलात. त्याचा अर्थ मात्र आज कळतोय. रेशीमवाला माल घेतो तेव्हा भाव पडण्याची धास्ती त्यालाही असते. सूद घेणाऱ्याला ती नसते. तुमचा ताणा तुटो, पोरगं आजारी पडो, त्याचा आणा रात्रीतही वाढतच राहतो. कुराणानं कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्यायला सांगितलंय, आणि सोडून देता आलं तर ते अधिक चांगलं मानलंय. व्याज याच्या अगदी उलट चालतं. अडचण वाढली की देणंही वाढतं.

पुढच्या दुकानात रेशीमवाला म्हणतो, "नगद पन्नास, तीन महिन्यांनी चौपन्न." तुम्ही चपापता. हे चार रुपये म्हणजे काय? मशिदीतले मौलवी सांगतात की सौदा करतानाच एक किंमत ठरली आणि उशीर झाला तरी ती वाढणार नसेल, तर ती उधारीची विक्री झाली. बहुतेक फकीह, म्हणजे धर्मकायद्याचे जाणकार, तिला जायज मानतात. पण चौपन्नाचे साठ केले की तो सूद. रेघ बारीक आहे, पण ज्याच्या डोक्यावर देणं असतं त्याला ती स्पष्ट दिसते.

वाटेत खालाजान, तुमच्या मावशी, भेटतात. त्यांच्याकडे पन्नास रुपये बाजूला ठेवलेले आहेत. "सूद नक्को बेटा, नफ्यात आधा दे," त्या म्हणतात. पैसा त्यांचा, मेहनत तुमची. कपडा विकला तर नफा निम्मानिम्मा. तुमची चूक नसताना तोटा झाला तर पैसा त्यांचा बुडेल, तुमची मेहनत वाया जाईल. याला मुदारबत म्हणतात. करार लिहून घ्या, दोन साक्षीदार ठेवा. कुराणातली सगळ्यात लांब आयत देण्याघेण्याची लिखापढी करण्याबद्दलच आहे. आपल्या माणसांमध्ये कागद कशाला, असं म्हणू नका. आपली माणसं आपली राहावीत म्हणूनच कागद.

अजान होते. खजूर, मग पाणी. नहर-ए-अंबरीचं ते गार पाणी घशातून उतरताना जाणवतं. दस्तरखानावर हैदराबादहून आलेला कारकून सांगतो, तिथे गनफाउंड्रीत यंदा सरकारी हैदराबाद स्टेट बँक उघडली, ठेवीवर व्याज देते. वाद पेटतो. एक म्हणतो, बँक म्हणजे रोहिला नव्हे. दुसरा म्हणतो, काठी नसली तरी आणा तोच. तिसरा सुचवतो, व्याज घ्यावं पण सवाबाची, म्हणजे पुण्याची, आशा न ठेवता गरिबाला देऊन टाकावं. नान संपते, वाद संपत नाही.

तो आजही संपलेला नाही. २०१६ साली बार्शीत लोकमंगल सहकारी बँकेनं बिनव्याजी कर्ज द्यायला सुरुवात केली, तेव्हा तोच जुना विचार बँकेच्या खिडकीत येऊन उभा राहिला. तुमचा धर्म कुठलाही असो, कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी समोरच्याला एवढं विचारा: माझा धंदा बसला तर तुमचं काय जाईल? "काहीच नाही" असं उत्तर आलं तर सही करायची की नाही हे तुम्हीच ठरवा. पण विचारल्याशिवाय करू नका.