‘माझी मैना’चा शेवट कोण कापतं?

गाणं लोकांच्या तोंडी बसलं की ते कुणा एकाचं राहत नाही म्हणतात. कबूल. पण या तोंडातून त्या तोंडात जाताना त्यातलं काय गळतं, आणि नेमकं तेच का गळतं, याचा हिशेब कुणी ठेवायचा?

अण्णाभाऊ साठेंची ‘माझी मैना’ घ्या. वाटेगावच्या मांगवाड्यातला हा माणूस पायी मुंबईला आला, गिरणीत राबला. १९४४ साली अमर शेख, गव्हाणकर यांच्यासंगं त्यांनी लाल बावटा कलापथक उभारलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही छक्कड लिहिली. छक्कड म्हणजे तमाशातला शृंगाराचा बाज. त्यात अण्णाभाऊंनी गरिबीपायी बायको गावी ठेवून मुंबईला आलेला गडी उभा केला. इथवर सगळ्यांना पाठ आहे. पण पुढं गाणं वळतं. जशी आमची ताटातूट तशी महाराष्ट्राची : बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव तुटलेले. घरातलं दुःख तिथं राजकारण होतं.

नंतर विठ्ठल उमपांनी ती गायली, गावोगावच्या शाहिरांनी गायली. ‘गावावर’चं ‘गावाकडं’ झालं. चालतंय, तोंडी गाण्यात शब्द हलणारच. पण स्टेजवर वेळ कमी पडला की कात्री शेवटालाच लागते. उरतो नुसता विरह. त्यावर शिट्टी मारायला मालकाचीही हरकत नसते.

हे इथंच घडतं असं नाही. अमेरिकेत केंटकीमध्ये १९३७ साली अॅलन लोमॅक्सनं एका खाणकामगाराच्या पोरीचं, जॉर्जिया टर्नरचं गाणं रेकॉर्ड केलं. बरबाद झालेल्या बाईची कैफियत. तेच ‘हाऊस ऑफ द रायझिंग सन’ १९६४ साली इंग्लंडच्या ‘अॅनिमल्स’नं विजेच्या गिटारीवर गायलं, जगभर गाजलं. पण बाईच्या जागी पोरगा आला, आणि रेकॉर्डवर संगीत बांधणारा म्हणून एकट्या ऑर्गनवाल्या अॅलन प्राइसचं नाव लागलं.

डांग, उंबरगाव १९६० साली गुजरातेत गेले. बेळगावचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. आणि आमच्या महापेच्या एमआयडीसीत बायकापोरं गावी ठेवून आलेले आजही बारा-बारा तास उभे आहेत. म्हणजे गाण्याचे दोन्ही प्रश्न जिवंत आहेत. मग अर्धं गाणं कशाला?

येत्या १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीचं स्टेज बांधाल तेव्हा शाहिराला सांगा, पूर्ण गा. वेळ कमी असेल तर पाहुण्यांची भाषणं कापा.