शेवटच्या तीनशे मीटरांची गंगाजळी

क्रॉस कंट्री शर्यतीचा शेवट पाहण्यासारखा असतो. चढउतार, मुरूम आणि चिखल तुडवत चार किलोमीटर आलेली मुलगी, जिचा चेहरा बऱ्याच आधीपासून 'आता पुरे' असे सांगत होता, ती अंतिम रेषा दिसताच एकदम वेग घेते आणि पुढच्या तिघींना मागे टाकते. आमच्या नागपुरात सेमिनरी हिल्सच्या रस्त्यांवर सराव करणाऱ्या मुलांतही हेच दिसते. कडेला उभे असलेले दोस्त 'भाग ना बे!' म्हणून ओरडतात आणि मोडकळीला आलेला गडी खरोखरच सुसाट सुटतो. धावपटू याला किक म्हणतात, वर्तमानपत्रवाले मुसंडी म्हणतात. आणि शिक्षक? ते पुष्कळदा रागावतात. 'एवढा दम शिल्लक होता, तर आधी का नाही पळालास?'

रागाचा भाग सोडला तर हा प्रश्न फार चांगला आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ शंभर वर्षे त्याच्याशी झगडत आहेत.

या शर्यतीचा जन्मच शाळेत झाला. इंग्लंडमधील श्रूसबरी आणि रग्बी या शाळांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुले शिकारीचा खेळ खेळत. एकदोघे 'ससे' होऊन कागदाचे तुकडे टाकत शेतांतून पुढे पळत आणि बाकीची मुले 'शिकारी कुत्री' होऊन तो माग काढत. रग्बी शाळेची क्रिक नावाची धाव १८३० च्या दशकापासूनची आहे. पुढे मोठ्या माणसांचे क्लब निघाले, त्यांतला थेम्स हेअर अँड हाउंड्स हा १८६८ चा. अशा अनेक धावांत सगळा कळप बराच वेळ एकत्र धावे आणि घर जवळ आले की मगच खरी चुरस सुरू होई. म्हणजे शेवटची मुसंडी ही नंतर जडलेली सवय नव्हे, ती या खेळाबरोबरच आलेली आहे.

आपल्याकडची गोष्ट निराळी. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथील मैदानी स्पर्धा पाहिल्या. पळणारे बहुतेक शेतकऱ्यांची मुले होती. युरोपातील नियमांची त्यांना कल्पना नव्हती, आधुनिक प्रशिक्षण तर दूरच. खडीच्या कडक रस्त्यावर ती अनवाणी धावली, आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीतल्या पहिल्या काही जणांच्या वेळा परदेशातल्या वेळांशी तुलना करता येईल इतक्या चांगल्या निघाल्या. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवण्याची कल्पना पुढे आली. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. वेळ होती २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद, आणि त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षा जास्त म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. घड्याळाशिवाय, नुसत्या श्वासाच्या अंदाजाने वेग सांभाळायचे हे शिक्षण शेताच्या बांधावर झाले होते.

त्याच अँटवर्पमध्ये डावपेचांचा एक धडा घडला. फिनलंडचा पावो नुर्मी ५,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत पुढे होता. फ्रान्सचा जोसेफ गिलमो त्याच्या मागे चिकटून राहिला आणि शेवटच्या फेरीत त्याला ओलांडून निघून गेला. तीनच दिवसांनी १०,००० मीटरला नुर्मीने पाठीमागे राहणे पत्करले, शेवटच्या फेरीत जोर लावला आणि गिलमोला दीड सेकंदाहूनही कमी फरकाने हरवले. क्रॉस कंट्रीचे सुवर्णपदकही त्यानेच घेतले. पण किकच्या भरवशावर राहणे त्याला रुचले नसावे. पुढे तो हातात स्टॉपवॉच घेऊन धावू लागला. एकसारखा, कठोर वेग ठेवायचा आणि प्रतिस्पर्ध्याची मुसंडी शर्यतीच्या मध्यावरच मारून टाकायची, ही त्याची रीत झाली.

याच काळात लंडनमध्ये ए. व्ही. हिल हा शास्त्रज्ञ धावणाऱ्या माणसांच्या उच्छ्वासातील हवा पिशव्यांत गोळा करून मोजत होता. तो स्वतः धावत असे आणि स्वतःवरही प्रयोग करी. (१९४३-४४ मध्ये हेच हिल भारतात आले होते. येथील वैज्ञानिक संशोधनाची घडी कशी असावी यावर त्यांनी सरकारला अहवाल दिला होता.) त्याचे म्हणणे थोडक्यात असे. श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूच्या जोरावर माणूस एका ठरावीक वेगाने बराच वेळ धावू शकतो. त्याहून जास्त वेग हवा असेल तर शरीर कर्ज काढते. हे 'प्राणवायूचे ऋण' शर्यतीनंतर धापा टाकून फेडावे लागते, आणि कर्जाला मर्यादा असते. त्याने दोष लॅक्टिक आम्लाला दिला होता. ते आता कोणी तसेच्या तसे मानत नाही. लॅक्टेट हे स्नायूंचे आणि हृदयाचे इंधनही आहे, हे गेल्या काही दशकांत स्पष्ट झाले आहे. पण ठरावीक उत्पन्न आणि मर्यादित कर्ज हा हिशेब मात्र टिकला. १९६५ मध्ये मोनो आणि शेरेर या फ्रेंच संशोधकांनी स्नायूंच्या कामासाठी तो साध्या समीकरणात मांडला, आणि नंतर तो धावण्यालाही लावला गेला.

हे समीकरण नववीच्या मुलांना येते. कापलेले अंतर = (टिकाऊ वेग × वेळ) + गंगाजळी. टिकाऊ वेग म्हणजे उत्पन्न. गंगाजळी म्हणजे त्यापलीकडे एकदाच खर्च करता येणारी पुंजी, मीटरमध्ये मोजलेली. समजा एक मुलगा पूर्ण जोर लावून १,२०० मीटर ४ मिनिटांत (२४० सेकंद) धावतो आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी ३,००० मीटर ११ मिनिटांत (६६० सेकंद). अंतरातला फरक १,८०० मीटर, वेळेतला ४२० सेकंद. म्हणून टिकाऊ वेग सेकंदाला सुमारे ४.२९ मीटर. २४० सेकंदांत या वेगाने सुमारे १,०२९ मीटर होतात, उरलेले १७१ मीटर ही त्याची गंगाजळी. याच हिशेबाने सपाटीवरच्या ४ किलोमीटरला त्याला सुमारे १४ मिनिटे ५३ सेकंद लागतील.

आता किककडे पाहू. हा मुलगा शेवटचे ३०० मीटर सेकंदाला ५.३ मीटर वेगाने धावला, तर त्याला सुमारे ५७ सेकंद लागतील. टिकाऊ वेगाने तेवढ्या वेळात साधारण २४३ मीटर झाले असते. म्हणजे मुसंडीची किंमत ५७ मीटर, गंगाजळीचा एक तृतीयांश. हे ५७ मीटर त्याने आधी राखून ठेवले पाहिजेत. आणि येथे एक गंमत आहे. समीकरणात गंगाजळी कधी खर्च केली याला जागाच नाही! सुरुवातीला उधळा, समान वाटून खर्च करा किंवा शेवटी एकदम काढा. टिकाऊ वेगाच्या खाली गेला नाहीत आणि शेवटी खाते रिकामे झाले, तर एकूण वेळ तीच येते. खाते न रिकामे करता रेषा ओलांडली तर मात्र नुकसान. 'आधी का नाही पळालास?' याचे उत्तर म्हणून असे देता येईल: आधी पळालो असतो तर सर, शेवटी पळालो नसतो, आणि वेळ तीच लागली असती.

प्रत्यक्ष शरीर इतके सरळ वागत नाही. चढावर, चिखलात, उन्हात आकडे बदलतात. जोसेफ केलर या गणितज्ञाने १९७३ मध्ये अधिक काटेकोर गणित मांडले. त्याच्या मते उत्तम वेळेसाठी जवळजवळ सर्व शर्यत समान वेगाने धावावी आणि अगदी शेवटच्या एकदोन सेकंदांत वेग किंचित घटावा. म्हणजे त्याच्या गणितात किकला स्थानच नाही. तरीही ५,००० आणि १०,००० मीटरच्या जागतिक विक्रमांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांतील बहुतेकांत शेवटचा किलोमीटर मधल्या किलोमीटरांपेक्षा जलद निघाला.

मग किक कशासाठी? माझे मत असे की किक वेळेसाठी नसतेच, ती क्रमांकासाठी असते. एकदा हे ध्यानात आले की डावपेचांचा अर्धा इतिहास उलगडतो. ज्याची गंगाजळी मोठी त्याला शर्यत संथ व्हायला हवी असते, कारण सगळ्यांचे खाते शाबूत राहिले तर शेवटी त्याचीच पुंजी मोठी. ज्याचा टिकाऊ वेग जास्त, पण गंगाजळी लहान, त्याने शर्यत आधीच तापवली पाहिजे. १९५६ मध्ये ब्रिटनच्या गॉर्डन पिरीने सोव्हिएत धावपटू व्लादिमिर कुट्सला ५,००० मीटरमध्ये विश्वविक्रमी वेळेत मागे टाकले होते. काही महिन्यांनी मेलबर्न ऑलिंपिकच्या १०,००० मीटरला कुट्सने शेवटाची वाट पाहिलीच नाही. मध्येच झटका देऊन वेग वाढवायचा, पुन्हा कमी करायचा, पुन्हा झटका. पिरी प्रत्येक वेळी मागोमाग गेला आणि हप्त्याहप्त्याने त्याचे खाते रिकामे झाले. कुट्स जिंकला, पिरी आठवा आला.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण अविनाश साबळेचे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा बारावीनंतर सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये गेला, तेथे क्रॉस कंट्री धावू लागला आणि २०१७ पासून ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळला. २०२२ च्या जुलैमध्ये युजीन येथील जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत अतिशय संथ झाली. विजेत्याची वेळ होती ८ मिनिटे २५.१३ सेकंद. तोवर साबळेची सर्वोत्तम वेळ ८:१२.४८ अशी, म्हणजे विजेत्याच्या त्या वेळेपेक्षा बारा सेकंदांहून सरस होती. तरी तो ८:३१.७५ वेळेत अकरावा आला. सर्वांनी पुंजी राखली आणि शेवटी इतरांची पुंजी भारी ठरली. तीनच आठवड्यांनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत शर्यत वेगवान झाली. केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५ ला आला आणि साबळे ८:११.२० ला. पाच शतांश सेकंद म्हणजे त्या वेगाने फूटभर अंतर. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तर त्याने सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि ८:१९.५० वेळेत एकट्यानेच सुवर्णपदक आणले. किकची वेळ येऊच दिली नाही.

क्रॉस कंट्रीत क्रमांकाला आणखी एक वजन असते, ते सांघिक गुणांचे. संघातल्या ठरावीक धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि कमी बेरजेचा संघ जिंकतो. चौघांचे क्रमांक धरायचे असतील तर १, २, १० आणि १९ क्रमांक मिळवणाऱ्या शाळेची बेरीज ३२ होते. ३, ५, ९ आणि १४ आलेल्या शाळेची ३१. पहिला आणि दुसरा दोन्ही आपल्याकडे असून पहिली शाळा हरते! दुसऱ्या शाळेचा चौथा मुलगा शेवटच्या वळणावर सोळावा होता आणि त्याने तिसऱ्याच शाळांच्या दोघांना गाठले, तर स्पर्धा त्या अनाम मुलाने जिंकून दिली. बक्षीस समारंभात त्याचे नाव कोणी घेत नाही.

पण गंगाजळी किती उरली, हे धावणाऱ्याला कळते कसे? खात्याचे पासबुक कोठे असते? १९९६ मध्ये उल्मर या जर्मन संशोधकाने असे सुचवले की मेंदू उरलेल्या अंतराचा अंदाज बांधून आधीपासूनच स्नायूंना लगाम घालतो आणि शेवट दृष्टिपथात आला की तो सैल सोडतो. दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी ही कल्पना पुढे नेली. त्यांच्या मते थकवा ही टाकी रिकामी झाल्याची खूण नसून मेंदूने दिलेला इशारा आहे, आणि किक हाच त्याचा पुरावा. यावर अजून वाद आहेत. मात्र अंदाज बांधणे हे मेंदूचे काम आहे आणि ते वयाबरोबर शिकले जाते, याचा पुरावा मुलांकडूनच मिळाला आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच ते चौदा वर्षांच्या मुलांना सुमारे चार मिनिटांच्या धावेला लावले. लहान मुले जीव खाऊन सुटली आणि मग मंदावत गेली. मोठ्या मुलांनी सुरुवातीनंतर वेग आवरला आणि शेवटी पुन्हा वाढवला. पाचवीतल्या मुलाला 'शेवटासाठी राखून ठेव' म्हणून दरडावण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. राखून ठेवणे म्हणजे काय, ते त्याला अजून दिसत नाही.

विदर्भात एक सावधगिरी हवी. १२ जुलै १९२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकची क्रॉस कंट्री भयंकर उन्हात झाली. ३८ जण निघाले, १५ पोहोचले, कित्येक वाटेत कोसळले. नुर्मी जवळजवळ दीड मिनिटाच्या फरकाने जिंकला, पण त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आला. तापलेल्या शरीराने दिलेला इशारा झुगारून मारलेली मुसंडी धोक्याची असते. ऑक्टोबरच्या उन्हात धावणारा मुलगा अडखळू लागला, बरळू लागला, तर 'भाग ना बे' नव्हे, सावली, पाणी आणि डॉक्टर. शर्यत सकाळी सातच्या आत संपेल अशीच ठेवावी.

वर्गासाठी प्रयोग सोपा आहे. दोनतीन दिवसांच्या अंतराने १,२०० आणि ३,००० मीटरची वेळ घ्यावी, आलेखकागदावर आडव्या अक्षावर वेळ व उभ्या अक्षावर अंतर मांडून रेषा काढावी. तिचा चढ म्हणजे टिकाऊ वेग आणि उभ्या अक्षावर ती जेथे छेदते तेथे गंगाजळी. मग त्याच रेषेवरून २,००० मीटरची वेळ मुलांनी आधी लिहून द्यावी (वरच्या उदाहरणात ७ मिनिटे ७ सेकंद येते) आणि घड्याळ न बघता धावावे. ज्याचा अंदाज सर्वांत कमी चुकेल तो पहिला. या शर्यतीत नेहमी शेवटी येणारी मुलेही जिंकतात, आणि पुढच्या वेळी तीच आलेखकागद आधी मागून नेतात.