उणीव आणि पुरावा : न्यूट्रिनो-दोलनाच्या मापनाचा इतिहास

एखादी वस्तू सापडल्यामुळे लागलेल्या शोधांची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात पुष्कळ आहेत. अपेक्षित वस्तू पुरेशी न सापडल्यामुळे लागलेले शोध मात्र विरळाच. न्यूट्रिनो-दोलनाचा शोध या दुसऱ्या वर्गातला होय. उणिवेला पुरावा केव्हा मानावे, हाच या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

न्यूट्रिनोची कल्पना पाउली यांनी १९३० मध्ये मांडली, आणि १९५६ मध्ये राइन्स व कोवन यांनी अणुभट्टीजवळ त्याचे अस्तित्व सिद्ध केले. पुढच्याच वर्षी पोन्तेकोर्वो यांनी दोलनाचा विचार पुढे आणला. १९६२ मध्ये माकी, नाकागावा व साकाता या जपानी शास्त्रज्ञांनी न्यूट्रिनोच्या जातींच्या संमिश्रणाची उपपत्ती दिली. तिचा मथितार्थ असा, की इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो, म्यूऑन-न्यूट्रिनो या जाती म्हणजे निश्चित वस्तुमानाच्या अवस्था नव्हेत. त्या अशा अवस्थांची मिश्रणे होत. या अवस्थांची वस्तुमाने भिन्न असतील, तर एका जातीचा म्हणून निघालेला कण वाटेत रूप पालटून दुसऱ्या जातीचा म्हणून पोहोचू शकतो. हा पालट कापलेले अंतर व कणाची ऊर्जा यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. तेव्हा दोलन आढळले, तर न्यूट्रिनोला वस्तुमान आहे हे ओघानेच आले.

प्रत्यक्ष मापनाचा आरंभ मात्र दोलनाच्या शोधार्थ झाला नाही. रेमंड डेव्हिस यांना सूर्याच्या गाभ्यातील प्रक्रिया तपासावयाची होती. अमेरिकेतील होमस्टेक येथील सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोलीवर, त्यांनी ६०० टनांहून अधिक परक्लोरोएथिलीनची टाकी बसविली. न्यूट्रिनोच्या आघाताने त्यातील क्लोरीनच्या अणूचे किरणोत्सर्गी अर्गॉनमध्ये रूपांतर होते. असा अणू सरासरीने दोन दिवसांत एखादाच निर्माण होई. तो हेलियम वायूच्या साहाय्याने बाहेर काढून मोजावा लागे. १९६८ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाकॉल यांच्या गणिताशी तुलना करता हाती आलेले न्यूट्रिनो सुमारे एक-तृतीयांश भरत होते.

दोष प्रयोगात असावा, सूर्याविषयीच्या गणितात असावा, किंवा न्यूट्रिनोविषयीच्या समजुतीत असावा, असे तीन पर्याय होते. डेव्हिस यांनी ज्ञात प्रमाणात अर्गॉन टाकीत सोडून ते परत मिळते हे दाखविले. तरीही बहुतेकांचा संशय पहिल्या दोन पर्यायांवरच राहिला. याला केवळ दुराग्रह म्हणता येणार नाही. डेव्हिस यांच्या टाकीत इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोच तेवढे मोजले जात. उरलेले रूप पालटून आले, की मुळात निघालेच नाहीत, हे सांगण्यास ती असमर्थ होती.

निर्णयाचा एक मार्ग वातावरणातून निघाला. विश्वकिरणांच्या आघाताने हवेत न्यूट्रिनो उत्पन्न होतात. त्यांची पहिली नोंद १९६५ मध्ये झाली. ती करणाऱ्यांत कोलारच्या सोन्याच्या खाणीत काम करणारा गट होता, आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या गटाचे एक अंग होती, हे आपल्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. त्याच सुमारास राइन्स यांच्या गटानेही दक्षिण आफ्रिकेतील खाणीत असे न्यूट्रिनो नोंदविले. त्या नोंदी थोड्या असल्याने उणिवेचा निवाडा त्यांतून होणे शक्य नव्हते. तो जपानमधील कामिओका येथे, ५०,००० टन पाण्याच्या सुपर-कामिओकांडे या उपकरणाने १९९८ मध्ये केला. वरून येणारे न्यूट्रिनो काही दहा किलोमीटर अंतर कापून येतात, तर खालून येणारे पृथ्वी भेदून सुमारे १३,००० किलोमीटर. उच्च ऊर्जेचे म्यूऑन-न्यूट्रिनो खालून जवळजवळ निम्मेच आले. इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंत अशी तूट नव्हती. एकाच उपकरणात अंतरानुसार पडलेला हा फरक गणितातील चुकीच्या माथी मारणे अशक्य होते.

सूर्याचे कोडे कॅनडातील सडबरी येथे सुटले. तेथील १,००० टन जड पाण्यात एका प्रक्रियेने केवळ इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो, तर दुसरीने तिन्ही जाती सारख्याच मोजता येत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांनुसार इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो एकूण संख्येच्या सुमारे एक-तृतीयांश होते, आणि ती एकूण संख्या सूर्याच्या गणिताशी जुळत होती. म्हणजे डेव्हिस यांचा प्रयोगही बरोबर होता आणि बाकॉल यांचे गणितही. सौर न्यूट्रिनोंच्या या पालटात सूर्यातील द्रव्याचाही वाटा असतो, हे वोल्फेनस्टाइन, मिखेयेव्ह व स्मिर्नोव्ह यांच्या विवेचनातून आधीच स्पष्ट झाले होते. त्याच वर्षी कामलँड प्रयोगाने अणुभट्ट्यांतून निघालेल्या प्रतिन्यूट्रिनोंतही तूट दाखविली; तेथे सूर्याचा संबंधच नव्हता.

२०१२ मध्ये चीनमधील दाया बे येथे तिसरा संमिश्रण-कोन मोजला गेला. दोलनातून वस्तुमानांच्या वर्गांमधील अंतरे तेवढी कळतात, प्रत्यक्ष वस्तुमाने नव्हेत. ही मर्यादा विसरता कामा नये.

या इतिहासाचा बोध असा, की उणीव स्वतः काहीच सिद्ध करीत नाही. जे हरवले ते अन्य रूपाने मोजून दाखविता आले, किंवा ते कोणत्या नियमाने हरवते हे सांगता आले, तरच ती पुरावा ठरते. डेव्हिस यांचा आकडा प्रारंभापासूनच खरा होता. त्याचा अर्थ लागण्यास मात्र तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला.