लिमाची कुळकथा

बायपास झालेल्या माणसाच्या पायावर लांब व्रण दिसला की ‘पायाची शीर काढून हृदयाला लावली’ हे घरातल्या सगळ्यांना कळते. त्याच शस्त्रक्रियेत वापरलेली दुसरी नळी मात्र बाहेरून दिसत नाही. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेने आतून खाली उतरणारी ही धमनी. इंग्रजी आद्याक्षरांवरून शल्यविशारद तिला ‘लिमा’ म्हणतात.

तिचा हृदयाशी संबंध जोडला तो मॉन्ट्रियलच्या आर्थर व्हाइनबर्ग यांनी. आधी कुत्र्यांवर प्रयोग करून १९५० मध्ये त्यांनी माणसाच्या छातीतली ही धमनी सोडवली आणि तिचे टोक हृदयाच्या स्नायूत बोगदा करून नुसते खुपसले. आत नव्या वाहिन्या फुटतील, ही आशा. अनेकांनी शंका घेतली. पुढे क्लीव्हलँडच्या मेसन सोन्स यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण शक्य केले आणि १९६२ मध्ये व्हाइनबर्ग यांचे जुने रुग्ण तपासले. काहींच्या धमन्या वर्षे उलटूनही उघड्या होत्या.

लेनिनग्राडच्या वसिली कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्ये हीच धमनी धडधडत्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी वाहिनीला थेट टाक्यांनी जोडली. न्यूयॉर्कच्या जॉर्ज ग्रीन यांनी १९६८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तसाच जोड दिला. पण मैदान मारले ते पायाच्या शिरेने. अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये क्लीव्हलँडला ती वापरली आणि बायपास जगभर पसरली. शीर लांब असते, तिचे तीन-चार तुकडे होतात, आणि एक जण छाती उघडत असताना दुसरा पायातून ती काढू शकतो. लिमा सोडवणे वेळखाऊ, तिचा जोड नाजूक. म्हणून बरीच वर्षे ती मोजक्यांच्याच हातात राहिली.

शिरेचे दुखणे उशिरा कळले. कमी दाबाच्या रक्ताची सवय असलेली शीर एकदम धमनीच्या दाबाखाली येते. भिंत आतून जाड होते, मग तिच्यात चरबी साचते. दहा वर्षांत साधारण निम्म्या शिरा बंद पडतात किंवा बऱ्याच अरुंद होतात. लिमा मात्र त्या मुदतीला दहापैकी नऊ वेळा वाहती सापडते. तिचे आतले लवचिक पटल सलग असते, भिंतीत स्नायू कमी, आणि अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून तिला सैल ठेवते. शिवाय लिमा माहेर सोडत नाही: वरचे टोक मूळ धमनीलाच राहते, फक्त खालचे हृदयावर नेऊन जोडतात.

हा फरक आयुष्यमानातही उतरतो, हे फ्लॉइड लूप आणि क्लीव्हलँडच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये आकड्यांनी दाखवले. तिन्ही वाहिन्यांचा आजार असलेल्यांपैकी, हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला ही छातीतली धमनी जोडलेले ८२.६ टक्के दहा वर्षांनी हयात होते. फक्त शिरा लावलेल्यांपैकी ७१ टक्के. तेव्हापासून त्या वाहिनीला लिमा हा शिरस्ता झाला. तरी एकच बायपास जन्मभर पुरेलच असे नाही: क्लीव्हलँडला शिकलेले मुंबईचे रमाकांत पांडा यांनी २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांची दुसरी बायपास केली. पहिली १९९० मध्ये झाली होती. बायपासने आजार संपत नाही, मुदत मिळते. ती किती, यात जोडलेल्या नळीचा वाटा मोठा.

मनगटाच्या धमनीची कथाही अशीच. पॅरिसच्या अलँ कार्पांतिए यांनी १९७१ मध्ये ती वापरली. आकसून बंद पडू लागल्यावर सोडून दिली. सुमारे दीड दशकानंतर काही जुन्या रुग्णांत ती उघडी आढळली आणि १९८९ पासून, आकसणे टाळणाऱ्या औषधांच्या जोडीने, पुन्हा वापरात आली.

व्हाइनबर्ग, लूप, कार्पांतिए: प्रत्येक वेळी निकाल दिला तो वर्षानुवर्षे जगलेल्या रुग्णांनी. म्हणूनच छातीतल्या उजव्या-डाव्या अशा दोन्ही धमन्या वापरल्या तर फायदा आणखी वाढेल, हा तर्क कितीही सरळ वाटला तरी तो तपासायला तीन हजारांवर रुग्णांची दहा वर्षे पाहावी लागली. २०१९ मध्ये निकाल आला: दोन धमन्यांचा गट आणि एकीचा गट यांच्या आयुष्यमानात ठळक फरक नाही. एका लिमाचा मान पक्का आहे. दुसरी धमनी कोणती आणि कोणाला, हा वाद चालू आहे.