शाळेचे कारभारी

एम. ए.च्या वर्गात जोतीराव फुल्यांचे हंटर आयोगापुढील निवेदन शिकवावयास घेतले की विद्यार्थी ठरावीक मुद्दे वहीत उतरवून घेतात. बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण, शेतकरी वर्गातून आलेले प्रशिक्षित शिक्षक, त्यांना किमान बारा रुपये पगार, अभ्यासक्रमात मोडी, हिशेब आणि शेतीची तोंडओळख. परीक्षेत हेच विचारले जाते आणि उत्तरपत्रिकेत हेच येते. त्याच निवेदनातील एक परिच्छेद मात्र आम्हीही कित्येक वर्षे घाईने ओलांडत आलो, हे कबूल केले पाहिजे. शिक्षणासाठी जमा होणारा पैसा कोणाच्या ताब्यात असावा, याविषयीचा तो परिच्छेद आहे.

१८८२च्या ऑक्टोबरात जोतीराव आयोगाला सांगतात की हा निधी सामान्यतः शिक्षण खात्याच्या संचालकाकडेच असावा. स्थानिक समित्यांवर सुशिक्षित आणि समंजस माणसे नेमली गेली, तर कलेक्टरच्या अथवा संचालकाच्या देखरेखीखाली तो त्यांच्याकडे सोपविण्यास हरकत नाही. पण सध्या या समित्यांवर पाटील, इनामदार, सरदार अशी अशिक्षित मंडळी बसलेली आहेत आणि पैशाचा शहाणपणाने विनियोग करण्याची त्यांची कुवत नाही. लोकांच्या बाजूने आयुष्यभर बोललेला माणूस लोकांच्या नावाने चालणाऱ्या समित्यांवर अविश्वास दाखवतो आणि परकीय सरकारच्या अधिकाऱ्याकडे तिजोरीची किल्ली देऊ म्हणतो, ही गोष्ट सहज पचणारी नाही.

हा अविश्वास ऐकीव नव्हता. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. बत्तीस सभासदांत विरोधात मत पडले ते एकट्या जोतीरावांचे. गरिबांच्या शिक्षणावर हा पैसा खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. शहरात मोठी मंडई बांधण्याच्या योजनेलाही त्यांनी याच भूमिकेतून विरोध केला. ती मंडई पुढे रे मार्केट म्हणून उभी राहिली आणि आज तिला महात्मा फुले मंडई म्हणतात! स्मारके उभारणाऱ्यांना ठरावांची पुस्तके वाचण्याची सवय नसते, एवढेच या नामकरणाबद्दल म्हणता येईल.

हा वाद किती मोठ्या रकमेचा होता, हेही पाहावयास हवे. ग्रामीण भागात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई. त्यातील दोन तृतीयांश रस्त्यांसारख्या कामांकडे आणि एक तृतीयांश शाळांकडे जात असे. जोतीरावांची मागणी होती ती निम्म्या वाट्याची. पट्टी भरतो शेतकरी आणि शाळेत त्याचेच पोर नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा. शाळांच्या इतिहासात ध्येयवादाची भाषा पुष्कळ आढळते. आणा-पैची भाषा जोतीरावांइतकी थेट क्वचितच कोणी बोलले असेल.

आयोगाने आणि रिपनच्या स्वराज्य-धोरणाने मात्र उलट दिशा धरली. १८८४च्या कायद्यांनी लोकल बोर्डे आणि नगरपालिका यांच्याकडे प्राथमिक शाळांची जबाबदारी गेली. तेव्हापासून शाळेसंबंधी निर्णय घेणारा सभासद हा आपल्या सार्वजनिक जीवनातील एक कायमचा पात्रविशेष झाला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना कदाचित मौज वाटेल, पण आमच्या अभ्यासक्रमातील बरीच नावे पुणे नगरपालिकेच्या दप्तरात सापडतात. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ लिहिणारे हरि नारायण आपटे तेथे अध्यक्ष होते; न. चिं. केळकरही होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही ते पद भूषविले.

गोखल्यांनी १९११मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. ते विधेयकही सक्ती करण्याचा निर्णय नगरपालिकांवर आणि बोर्डांवरच सोपवीत होते आणि सक्तीचा आरंभ मुलांपासून करावा, असेच त्यात अभिप्रेत होते. मुली नंतर. हा ‘नंतर’ पुढे पुण्यात फार महागात पडला.

बडोद्यात सयाजीरावांनी १९०६मध्ये आणि कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७मध्ये सक्तीचे शिक्षण सुरू केले, ते राजाज्ञेने. ब्रिटिश मुलखात आज्ञा नव्हती, सभासदांची मते होती. विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने झालेल्या १९१८च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. पुण्यात लगेच प्रश्न उभा राहिला: पैसा तुटपुंजा आहे, तर केवळ मुलांना सक्ती करावी, की मुलांना आणि मुलींना एकदमच? टिळक पक्षाचे म्हणणे, आधी मुले. विठ्ठल रामजी शिंदे आणि सुधारक मंडळींचे म्हणणे, दोघेही एकदम. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने स्त्रिया मिरवणुकीने रस्त्यावर आल्या. १९२०च्या आरंभी किर्लोस्कर नाट्यगृहातील सभेत खुद्द लोकमान्यांना श्रोत्यांनी धड बोलू दिले नाही.

या वादाकडे टिळकभक्त आणि टिळकविरोधक आपापल्या सोयीने पाहतात. आम्हाला त्यातील अंदाजपत्रकाची बाजू अधिक बोलकी वाटते. ‘मुलींनी शिकू नये’ असे म्हणणे १९२०मध्ये अवघड झाले होते. ‘सध्या पैसे नाहीत’ असे म्हणणे सोपे होते. सभासदाचा अग्रक्रम त्याच्या भाषणात शोधू नये, अंदाजपत्रकात कोणती बाब पुढील वर्षावर ढकलली गेली ते पाहावे. एक गोष्ट मात्र या प्रकरणाने जोतीरावांच्या संशयाविरुद्धही सिद्ध केली. पुण्याच्या स्त्रियांना नगरपालिकेपर्यंत चालत जाता आले. संचालकाच्या कचेरीवर अशी मिरवणूक गेली असती तर कोणी खिडकीतूनही डोकावले नसते.

१९२३च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार खात्याकडून स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आला. र. पु. परांजपे तेव्हा शिक्षणमंत्री होते. स्वराज्याच्या दिशेने टाकलेले पाऊल म्हणून त्याचे कौतुक झाले. पाचच वर्षांनी, १९२८च्या मे महिन्यात, बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनला अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले. शाळा स्कूल बोर्डांकडे सोपविण्याचे हे धोरण थांबविले नाही तर अस्पृश्यांच्या शिक्षणाची पीछेहाट होईल, असे त्यात निःसंदिग्ध शब्दांत म्हटले आहे. कारण उघड होते. ज्या गावात अस्पृश्य मुलाला शाळेच्या ओसरीवर बसविले जाई, त्याच गावचे प्रतिष्ठित बोर्डावर बसत.

फुले आणि आंबेडकर यांच्या निवेदनांमध्ये जवळजवळ सेहेचाळीस वर्षांचे अंतर आहे आणि तरीही शंका एकच आहे. दोघांनाही लोकशाहीविरोधी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. खाते निर्दोष आहे, असाही त्यांचा समज नव्हता. जोतीरावांनी खात्यातील ब्राह्मणी वर्चस्वावर पुरेसे कोरडे ओढले आहेत. दूरचा अधिकारी आणि जवळचा पाटील यांतून निवड करावयाची वेळ आली, तेव्हा त्यांना दूरचा परवडला. गावगाड्याच्या आत राहून त्याचा दाब ज्याने सोसला आहे, त्यालाच ही निवड कळू शकते. खेड्यातील एकोप्याविषयी शहरात बसून लिहिणाऱ्यांना (यात आम्हीही आलो) ती कळणे कठीण.

पुढची हकिकत कायद्यांची आहे. १९४७चा नवा कायदा, मग १ मे १९६२पासून जिल्हा परिषदा आणि त्यांच्या शिक्षण समित्या. शहरांतील शिक्षण मंडळे बराच काळ टिकली; २०१३मध्ये १९४७चा कायदा रद्द करून त्यांनाही निरोप देण्याचे ठरले. या साऱ्या काळात सभासदाची सत्ता ज्या दोन गोष्टींवर पोसली, त्या म्हणजे शिक्षकांची नेमणूक आणि बदली. ग्रामीण शिक्षकांच्या कोणत्याही मैफलीत बदलीचे किस्से निघाले की रात्र सरते, पण त्यात मुलांचा उल्लेख कितीदा येतो हे मोजून पाहण्यासारखे आहे.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे १८८२चे पट्टी भरणारे आणि १९२०च्या मिरवणुकीतील बायका, दोघेही कागदावर तरी आत आले. आमच्यापैकी एकाच्या गावी अशा समितीचे इतिवृत्त चाळावयास मिळाले. छताची गळती, पोषण आहाराचा तांदूळ, पंधरा ऑगस्टचा खाऊ, भिंतींची रंगरंगोटी. बहुतेक पानांवर ‘सर्वानुमते मंजूर’ असे एकाच हस्ताक्षरात लिहिलेले होते आणि खाली सह्या. एका पानावर मात्र एका बाईने सहीशेजारी वेगळ्या, जाड अक्षरात लिहिले होते की चौथीच्या वर्गाला जूनपासून शिक्षक नाही, रंग नंतर द्यावा. पुढच्या बैठकीच्या पानावर रंगाचे बिल चिकटवलेले होते. त्याखाली तिची सही नव्हती.