गोचीड, तेल आणि कापड : माकडतापाच्या इतिहासातील एक प्रकरण



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते आम्हांला मराठेशाहीचा इतिहास शिकवीत. परंतु जांबोटीच्या रानात सहलीला नेताना त्यांचा पहिला हुकूम विजारीचे पाय मोज्यांत खोचण्याचा असे. आम्ही हसत असू आणि ते रागावत. आज या व्यासपीठावरून लढाई वा तह यांविषयी न बोलता गोचिडीपासून माणसाने केलेल्या बचावाविषयी बोलावे असे मी ठरविले, तेव्हा काही स्नेह्यांना नवल वाटले. खानापूर तालुक्यातून काजूच्या हंगामात गोव्यात मजुरीला जाणाऱ्या माणसाला हा इतिहास पानिपतापेक्षा जवळचा आहे, एवढेच माझे उत्तर.

प्रकरणाचा आरंभ १९५७ सालचा. शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या रानात वानरे आणि माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या खेड्यांतील माणसे तापाने अंथरुणाला खिळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे (आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे) पथक तेथे गेले. माकडे मरतात म्हणून आधी पीतज्वराची शंका आली. निघाला तो निराळाच विषाणू, रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. तो स्थलांतरी पक्ष्यांबरोबर आला असावा, या तर्कामुळे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. पक्षिविज्ञानाला त्याचा लाभ झाला, हे जाता जाता सांगतो. रोगाचा खरा वाहक मात्र जमिनीवर, पाचोळ्यात होता : हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची गोचीड. कानडीत या रोगाला ‘मंगन काईले’ म्हणतात, आपण माकडताप म्हणतो. माकडाचा दोष इतकाच की तेही आपल्यासारखेच बळी पडते.

ही गोचीड जन्मात तीन वेळा रक्त पिते आणि दर वेळी नवा यजमान शोधते. पूर्ण वाढलेली गोचीड गुराढोरांवर पोसते. माणसाला चावते ती मुख्यतः मधल्या अवस्थेतील, तिळाएवढी, डोळ्यांना सहसा न दिसणारी. आणि तिचा काळ साधारण डिसेंबर ते मे. जळण गोळा करण्याचा, गुरे रानात सोडण्याचा आणि बोंडू वेचण्याचा काळही नेमका तोच. संशोधक रानातून फ्लॅनेलचे कापड ओढीत नेत आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजीत. मला या कापडाचे फार कौतुक वाटते. गोचिडीला पकडणारेही कापड आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, तिला अडविणारेही कापडच.

अडविण्याची ही विद्या आली युद्धातून. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर बारीक किडींपासून होणाऱ्या स्क्रब टायफसने दोस्त सैन्याला हैराण केले. तेव्हा डायब्युटिल थॅलेट हे रसायन सैनिकांच्या गणवेशात हातांनी चोळून मुरविण्यात आले. त्याचे वैशिष्ट्य असे की काही धुण्यांनंतरही ते टिके. त्याचेच भाऊबंद डायमिथिल थॅलेट, म्हणजे डीएमपी तेल, अंगाला लावण्यासाठी होते. अमेरिकी सैन्याने १९४६ पासून डीईईटी वापरले. सामान्य जनतेला ते मिळाले १९५७ मध्ये, म्हणजे क्यासनूरच्याच वर्षी. मलनाडातील मोळीविक्याला अर्थातच त्याची वार्ता नव्हती. पुढे कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने रानात जाणाऱ्यांना डीएमपी तेल वाटले.

डीईईटीला लागणारे मूलद्रव्य आपल्याकडे सहज मिळत नसे. यातून ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेने डीईपीए हे देशी तेल सिद्ध केले. ते डास, जळू आणि गोचीड तिघांनाही दूर ठेवते. या संस्थेचे मूळ शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत १९४७ मध्ये स्थापन झालेल्या जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेत आहे. मराठी संस्थानाच्या प्रयोगशाळेचा हा वारसा मलनाडच्या रानापर्यंत पोहोचावा, याचा आमच्या सरांना खचित आनंद झाला असता.

कापडाची गोष्ट इंग्लंडात पुढे सरकली. रोथमस्टेड येथे मायकेल एलियट यांनी १९७३ मध्ये परमेथ्रिन तयार केले. शेवंतीच्या कुळातील एका फुलाच्या कीटकनाशक अर्काचे ते मानवनिर्मित, उन्हात टिकणारे रूप. ते कातडीला लावायचे नसते, कपड्यात मुरवायचे असते. अशा कापडावरून चालणारी गोचीड अस्वस्थ होते, गळून पडते आणि पुष्कळदा मरते. अमेरिकी सैन्याने १९९१ पासून ते गणवेशांसाठी स्वीकारले. तेल काही तासांत घामाने निघून जाते, मुरविलेले कापड कित्येक धुण्यांपर्यंत काम देते. शास्त्र इतके सरळ आहे.

मग आपल्या दाराशी काय झाले? २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावी आणि २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात केर गावी माकडताप आला. गोव्याच्या काजूबागांत राबून परतलेले बेळगाव जिल्ह्यातील मजूरही त्यात सापडले. मारलेल्या विषाणूपासून बनविलेली लस १९९० पासून कर्नाटकात दिली जात होती. ती पुरेशी प्रभावी नसल्याचे आढळून २०२२ मध्ये बंद झाली. त्या वर्षीच्या मजुराच्या हाती उरले ते १९४० च्या दशकातील सैनिकाच्याच हातचे : तेल आणि कापड. मात्र सैनिकाला गणवेश सरकार देत असे.

गेल्या काजूच्या हंगामात खानापूरकडील एका वृद्ध मजूर बाईंशी मी बोललो. तेलाची बाटली त्यांना मिळाली होती. “लावलं की बोंडू हातातनं निसटतंय बघा, गुरुजी,” त्या म्हणाल्या, “आणि दुपारपतोर घामानं सगळं जातंय की.” अंगात नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा होता आणि दोन्ही मनगटांपाशी सुतळी घट्ट बांधलेली. हे कोणी शिकविले, असे मी विचारले. कुणी नाही, म्हणाल्या. किडा कुठनं चढतोय ते पंचवीस हंगाम बघितलंय. मी त्यांना औषध मुरविलेल्या कापडाविषयी सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि तसला सदरा केवढ्याला पडतो, असे विचारले.