वोल्फ्सबुर्गच्या खिडकीतून जर्मनी

"जर्मनी देश आणि त्याची राज्यव्यवस्था, सोप्या भाषेत" असा लेख स्मरणिकेसाठी द्या, असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा प्रथम वाटले की हे तर नागरिकशास्त्राचे पुस्तक झाले. चान्सेलर कोण, संसद कुठे, राज्ये किती, हे आपल्या मुलांना शाळेतच शिकवतात आणि ती ते आपल्याला संध्याकाळी जेवताना ऐकवतात. मग विचार केला की आपण राहतो त्या गावाच्या खिडकीतूनच हा देश पाहावा. गाव तसे लहान, सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचे. बर्लिनला जाणाऱ्या आयसीई गाडीतून पाहिले तर कालव्यापलीकडच्या कारखान्याच्या चार चिमण्या दिसतात, तेवढीच ओळख. २०११ साली तर काही आयसीई चालक इथे थांबायलाच विसरले होते आणि देशभर त्याचे विनोद झाले! पण गेल्या नव्वद वर्षांतली जर्मनी समजून घ्यायला याहून चांगले गाव शोधून सापडणार नाही.

आपल्याकडे गाव म्हटले की ग्रामदैवत असते, वेस असते, जुना वाडा असतो. इथे वाडा तेवढा आहे. आलर नदीकाठचा वोल्फ्सबुर्ग किल्ला, ज्याचा पहिला लेखी उल्लेख १३०२ सालचा. बाकी सारे शहर १ जुलै १९३८ रोजी कागदावर जन्माला आले आणि तेव्हा त्याचे नावसुद्धा धड नव्हते: "फालर्सलेबनजवळील के.डी.एफ. गाडीचे शहर". के.डी.एफ. म्हणजे "आनंदातून शक्ती", नाझी राजवटीची कामगारांसाठीची संघटना. त्याआधी २६ मे रोजी हिटलरने स्वतः येऊन कारखान्याची कोनशिला बसवली होती. जागा निवडली ती मिटेललांड कालवा, बर्लिन-हनोव्हर रेल्वे आणि शुलेनबुर्ग सरदार घराण्याची मोकळी जमीन पाहून. शहराचा आराखडा पेटर कोलर या तिशीतल्या वास्तुशास्त्रज्ञाने केला. कालव्याच्या उत्तरेला कारखाना, दक्षिणेला वस्ती. आजही तसेच आहे.

लोकांना सांगितले गेले की दर आठवड्याला ५ मार्कांचे तिकीट घेऊन पुस्तिकेत चिकटवा, ९९० मार्कांची गाडी तुमची. आपल्या भिशीसारखेच म्हणा ना! सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी तिकिटे चिकटवली. गाडी एकालाही मिळाली नाही, कारण युद्ध सुरू झाले आणि कारखान्यात लष्करी वाहने व शस्त्रसामग्री बनू लागली. ते काम करायला जर्मन हात पुरेनात, म्हणून पोलंड, सोव्हिएत रशिया, फ्रान्स, इटली अशा अनेक देशांतून माणसे सक्तीने आणली गेली. छळछावण्यांतले ज्यू कैदीही त्यात होते. असे सुमारे वीस हजार वेठबिगार इथे राबले. कारखान्याच्या आवारातल्या एका जुन्या बंकरमध्ये १९९९ पासून त्यांचे स्मारक-प्रदर्शन आहे. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना ऑटोस्टाट दाखवतो, फेनो दाखवतो. हे स्मारकही दाखवावे, असे माझे मत आहे. आधी चौकशी करून जावे लागते, एवढेच.

तिकिटे चिकटवणाऱ्यांची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. युद्धानंतर त्यांनी कोर्टात दावा लावला. बारा-तेरा वर्षे तो चालला आणि १९६१ मध्ये तडजोड झाली: नवी गाडी घ्याल तर ६०० मार्कांपर्यंत सूट, नाहीतर १०० मार्क रोख.

१९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य आले आणि २५ मे रोजी शहराला किल्ल्याचे नाव मिळाले. पुढे हा भाग ब्रिटिशांकडे गेला. मेजर आयव्हन हर्स्ट या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने मोडका कारखाना पुन्हा उभा केला, ब्रिटिश सैन्यासाठी २० हजार गाड्यांची मागणी मिळवली आणि २७ डिसेंबर १९४५ पासून गाड्या नियमित बाहेर पडू लागल्या. आपण इंग्रजांकडून देश सोडवून घेण्याच्या खटपटीत होतो, त्याच सुमारास इंग्रज इथे जर्मनांना गाड्या बनवायला आणि निवडणुका घ्यायला शिकवत होते. काळाची गंमत पाहा!

निवडणुकांचा धडा सोपा गेला नाही. १९४८ च्या नोव्हेंबरात वोल्फ्सबुर्गच्या नगरपरिषदेची निवडणूक झाली. युद्ध हरून तीन वर्षे झाली होती, शहर पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांनी भरले होते, माणसे बराकींत राहत होती. लोकांनी मते दिली ती एका अतिउजव्या पक्षाला: २५ पैकी १७ जागा! ती निवडणूक पुढे रद्द ठरली. पण लक्षात घ्या, त्याच महिन्यांत बॉन शहरात ६५ माणसे (त्यांत स्त्रिया चारच) नव्या जर्मनीची घटना लिहीत बसली होती. आपण कोणत्या लोकांसाठी घटना लिहीत आहोत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. जर्मन राज्यव्यवस्थेत जे जे अडसर आणि कुलपे दिसतात, ती सारी या भीतीतून आली आहेत.

ही घटना, म्हणजे ग्रुंडगेझेट्झ, २३ मे १९४९ रोजी जाहीर झाली. आपली घटना संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली. म्हणजे दोघी सहा महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या बहिणीच म्हणायच्या. जर्मन घटनेचे पहिले कलम राजाबद्दल, सीमेबद्दल किंवा ध्वजाबद्दल नाही. माणसाच्या प्रतिष्ठेला कोणी हात लावू शकत नाही आणि ती जपणे हे साऱ्या राजसत्तेचे कर्तव्य आहे, असे ते कलम सांगते. आणि ७९ वे कलम म्हणते की पहिल्या व विसाव्या कलमांतली तत्त्वे आणि संघराज्याची रचना कितीही मोठ्या बहुमताने बदलता येणार नाही. १९३३ साली संसदेनेच मतदान करून आपले सारे अधिकार हिटलरच्या हाती दिले होते. पुन्हा तसे होऊ नये, म्हणून हे कुलूप.

या कुलपाची एक किल्ली आपल्याकडेही आली, हे फार थोड्यांना माहीत असते. हायडेलबर्गचे प्राध्यापक डीट्रिश कोनराड यांनी १९६५ साली बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिले: घटनादुरुस्तीच्या अधिकाराला काही अंगभूत मर्यादा असतात का? तो विचार वकिलांमार्फत सर्वोच्च न्यायालयात पोचला. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात मुंबईचे नानी पालखीवाला बाजू मांडत होते. तेरा न्यायमूर्तींपैकी सात विरुद्ध सहा अशा फरकाने निकाल लागला, की संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. न्यायमूर्ती खन्ना यांच्या निकालपत्रात कोनराड यांचा उल्लेख आहे.

आता सरकारकडे वळू. लोक बुंडेस्टाग निवडतात आणि बुंडेस्टाग चान्सेलर निवडतो. राष्ट्राध्यक्ष आपल्या राष्ट्रपतींसारखाच, मानाचा आणि लोकांनी थेट न निवडलेला. पहिले चान्सेलर कोनराड आडेनावर १९४९ मध्ये निवडून आले ते अगदी काठावर: ४०२ सदस्यांपैकी २०२ मते हवी होती, तेवढीच मिळाली, आणि त्यात त्यांचे स्वतःचे एक होते! त्या एका मतावर त्यांनी चौदा वर्षांची कारकीर्द उभी केली. आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले, ते आठवत असेलच. पाडायला सगळे एकत्र आले, पण पर्यायी सरकार काही बनले नाही. जर्मनीत नियम असा की विरोधकांना चान्सेलरवर अविश्वास दाखवायचा, तर त्याच ठरावात नवा चान्सेलर बहुमताने निवडून द्यावा लागतो. असा प्रयत्न दोनदाच झाला. १९७२ मध्ये विली ब्रांट दोन मतांनी वाचले, १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले. चान्सेलरने स्वतःहून विश्वासमत मागितले आणि हरला, तरी तो लगेच घरी जात नाही. ओलाफ शोल्झ १६ डिसेंबर २०२४ ला हरले, निवडणूक झाली आणि ६ मे २०२५ रोजी फ्रिडरिश मेर्झ निवडले जाईपर्यंत काम पाहत राहिले. १९४९ पासून मेर्झ हे अवघे दहावे चान्सेलर. पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार प्रजासत्ताकात चौदा वर्षांत वीसच्या आसपास सरकारे झाली होती!

मतदाराला दोन मते असतात, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि दुसरे पक्षाला. दुसरे मत जास्त महत्त्वाचे, कारण जागा त्या प्रमाणात वाटल्या जातात. पक्षाला साधारणपणे ५ टक्के तरी मते हवीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका पक्षाला ४.९८ टक्के मिळाली आणि तो बाहेर राहिला.

आपल्या रोजच्या जगण्याशी मात्र बर्लिनपेक्षा हनोव्हरचा संबंध जास्त. शाळा आणि पोलीस ही १६ राज्यांची खाती. पुण्याहून सुट्टीत येणाऱ्या आजी-आजोबांना समजत नाही, की म्युनिकच्या नातवाला ऑगस्ट-सप्टेंबरात सुट्टी आणि वोल्फ्सबुर्गच्या नातीची शाळा सुरू, असे कसे? तर असे. आपले नीडरझाक्सन राज्य ब्रिटिशांनी १९४६ मध्ये हनोव्हर, ब्राउनश्वाइग, ओल्डेनबुर्ग आणि शाउमबुर्ग-लिपे जोडून बनवले. राज्यांचे सभागृह ते बुंडेसराट. त्यात निवडून दिलेले खासदार नसतात, राज्य सरकारेच बसतात. एकूण ६९ मतांपैकी आपल्या राज्याची ६, आणि ती सारी एकाच बाजूला टाकावी लागतात.

याच राज्याकडे फोल्क्सवागनची २० टक्के मते आहेत. आपले महाराष्ट्र राज्य झाले त्याच १९६० साली इथे फोल्क्सवागन कायदा झाला. मोठ्या निर्णयांना ८० टक्क्यांहून अधिक मते हवीत, म्हणजे राज्य एकटे अडवू शकते. युरोपीय न्यायालयाने २००७ मध्ये कायद्यावर ठपका ठेवला, कायद्यात दुरुस्ती झाली, पण अडवण्याचा हा अधिकार २०१३ च्या निकालातही टिकला. पर्यवेक्षक मंडळावरच्या २० पैकी १० जागा कामगारांच्या. चाकणला २००९ मध्ये कारखाना सुरू झाला तेव्हापासून आपल्याकडची कितीतरी मुले तिथून इथे येतात आणि "मॅनेजमेंट कामगारांना इतके का विचारते?" म्हणून चकित होतात. डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचा करार झाला, तोसुद्धा कामगार संघटनेशी वाटाघाटी करूनच, आणि एकही कारखाना बंद न करता. आपल्या घराघरांत त्या हिवाळ्यात दुसरा विषय नव्हता.

जाता जाता फालर्सलेबनबद्दल. जर्मन राष्ट्रगीताचा कवी हॉफमन याच गावचा, जन्म १७९८. गीत लिहिले १८४१ मध्ये, हेल्गोलांड बेटावर, जे तेव्हा इंग्रजांकडे होते! त्याच्या मतांपायी पुढच्याच वर्षी त्याची ब्रेस्लाऊची प्राध्यापकी गेली. आज राष्ट्रगीत म्हणून फक्त तिसरे कडवे गायले जाते, ज्यात ऐक्य, न्याय आणि स्वातंत्र्य यांची आस आहे. ऐक्य किती महाग, ते या भागाने पाहिले. पूर्व जर्मनीची सीमा इथून हाकेच्या अंतरावर होती आणि जवळच त्सिशेरी व ब्योकविट्झ या जोडगावांच्या मधूनच कुंपण गेले होते, १९८९ पर्यंत.

शेवटी आपला स्वतःचा प्रश्न. १९६२ पासून इटालियन कामगार इथे आले, लाकडी बराकींत राहिले. त्यांची मुले-नातवंडे आज वोल्फ्सबुर्गकर आहेत. युरोपीय संघाचे नागरिक म्हणून, पासपोर्ट इटलीचा असला तरी, त्यांना नगरपरिषदेला मत देता येते. आपल्याला नाही. इतर परकीयांना स्थानिक मताधिकार देण्याचा दोन राज्यांचा प्रयत्न घटना न्यायालयाने १९९० मध्ये रद्द केला. मत हवे तर नागरिकत्व हवे. पाच वर्षांचे वास्तव्य, भाषा, आणि ३३ प्रश्नांची परीक्षा, १७ बरोबर आले की पास. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केले, पण आपला भारत करत नाही. निळा पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड घ्यायचे. माझी पत्नी ३३ पैकी ३३ घेऊन पास झाली आणि अर्ज कपाटात ठेवून आहे. मी अजून परीक्षेलाच बसलेलो नाही. धाकटी इथे जन्मली तेव्हा आम्हांला जर्मनीत आठ वर्षे होऊन गेली होती, म्हणून ती जन्मतः जर्मन. नीडरझाक्सनमध्ये स्थानिक निवडणुकीला सोळाव्या वर्षी मत देता येते. पुढच्या निवडणुकीत घरातले एकुलते एक मत तिचे असेल, आणि कोणाला द्यायचे ते ती आम्हांला सांगायला तयार नाही.